पाटी नसलेली बाई

मी एक जुने तैलचित्र आहे, धुळ्यातल्या एका लहानशा वाचनालयातले. माझ्यात एक पाठमोरी बाई उभी आहे. हिरवे लुगडे, कमरेवर हात, समोर मोकळा रस्ता. तिचा चेहरा दिसत नाही आणि मित्रांनो, माझी सगळी ऐट त्या न दिसणाऱ्या चेहऱ्यातच आहे!

मला आधारनानांनी १९८६ साली रंगवले. ते एसटी डेपोत गाड्यांवरच्या गावांच्या पाट्या लिहीत. त्यांची पत्नी रुक्माबाई वारली, त्याच उन्हाळ्यात त्यांनी मला काढले. ती बाई म्हणजे रुक्माबाई, हे नाना सोडून फक्त मला ठाऊक होते, कारण रंगवताना ते तिच्याशी बोलत. पुढे घरात माझ्याकडे बघवेना, म्हणून त्यांनी मला वाचनालयाला देऊन टाकले.

तिथे माझे काय कौतुक झाले! कोणी म्हणे, ही मोर्चाला निघालेली बाई. कोणी म्हणे, हिची एसटी चुकली. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या सुनंदाबाई तर विद्यार्थ्यांना माझ्यापुढे उभे करून सांगत, "काही विचारवंत म्हणतात, चित्राचा अर्थ चित्रकाराच्या मनात असतो. काही म्हणतात, तो पाहणाऱ्यापाशी असतो." मग जो वाद रंगे, तो ऐकून मी चौकटीत मावत नसे. शेवटी बाई म्हणाल्या, "नानांनाच बोलवू. ते सांगतील ते नाव खाली लिहून टाकू."

नाना ब्रश घेऊन आले. तेवढ्यात शेजारच्या बेबाबाई पुढे झाल्या. त्यांची लेक सासरी आजारपणात वारली होती.

"हाई तं मन्ही जमना शे," त्या म्हणाल्या. "मी रोज तिले भेटाले येस. दुसरं नाव लिखशात तं मी कोनले भेटू?"

नानांचा हात थांबला. त्यांनी ब्रश फडक्याला पुसला आणि ते सुनंदाबाईंना म्हणाले,

"बाई, यस्टीले पाटी लागस, नहीतं मानूस भलताच गावले जाई. चित्रले नको."

"पण नाना, तुमच्या मनात कोण होतं?" सुनंदाबाईंनी विचारले.

नाना माझ्याकडे बघत राहिले. "जमनाच शे," ते म्हणाले.

एवढा मोठा चित्रकार मला लाभला, याचा मला फार अभिमान वाटतो.

नव्वदनंतर वाचनालयात टीव्ही आला आणि मी कपाटामागे गेले, भिंतीकडे तोंड करून. बेबाबाई अजूनही येतात, फटीतून हात घालून चौकट चाचपतात. कधी नानाही येऊन शेजारी उभे राहतात. दोघांनाही आपापल्या माणसाला भेटायचे असते. मित्रांनो, माझी धूळ नंतर पुसा, पण आधी मला फिरवून टांगा.