वाऱ्याची बाजू

चंदगडजवळची पाच एकर जमीन मी घेतली, तेव्हा धाकट्या भावानं, ऋषभनं, एकच अट घातली. पहिलं भात घरात आलं नाही, तर जमीन विकायची. मीही तावातावानं ‘बरं’ म्हणून बसले.

भात पोटरीला आलं आणि पूर्वेच्या रानातून गवे उतरू लागले. राखणीला मचाण हवं होतं. शेजारचा आकाराम सत्तरीचा, तरुणपणी चोरून शिकार केलेला. मचाणाची जागा त्याच्याइतकी कुणाला कळणार? तीन झाडं नापसंत करून तो रानाच्या कडेच्या ऐनाशी थांबला.

“हितंच बांधा, आक्का. जनावराला पत्ताच लागायचा न्हाय.”

बांधलं. पहिल्याच संध्याकाळी आम्ही पानांआड बसलो असताना सात गवे बाजूच्या वाटेनं निवांत खाचरात उतरले. डबे बडवून त्यांना हाकलेपर्यंत दोन खाचरं फस्त झाली. मला रडूच कोसळलं.

सकाळी मी आकारामला धारेवर धरलं. “ही जागा कशी काय निवडलीसा?”

“वारं बघून की. जनावराकडनं आपल्याकडं आलं पायजे. मग आपला वास त्याला जात न्हाय.”

मी कपाळावर हात मारला. मुंगीसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारं आमचं जैनाचं घर, आणि मी जागा घेतली ती बंदूकवाल्याची!

“आपल्याला मारायचं न्हाय, येऊच द्यायचं न्हाय. वास गेलाच पायजे!”

“उघड्यावर मचाण? गाव हसंल.”

“हसू दे.”

मुठीत कोंडा घेऊन मी बांधाबांधानं फिरले. सोडला की तो रानाकडे उडायचा. पश्चिमेच्या बोडक्या बांधावर चार मेढी रोवून मचाण बांधलं आणि वर आकारामचा तीन दिवस न धुतलेला सदरा टांगला. सदरा देताना म्हातारा बराच फुगला होता.

त्या दिवशी सूर्यास्ताआधी जेवून मी वर चढले, मागून आकाराम. अंधारायच्या बेताला कळप रानातून बाहेर आला. पुढच्या गव्यानं नाक वर केलं, जोरात फुरफुरला आणि वळला. मागोमाग सगळे वळले.

कळप गेला त्या दिशेला आकारामनं बोट केलं.

“आक्का, ह्या जागंवर जलमभर बसलो असतो, तर एक जनावर घावलं नसतं.”

एवढी शाबासकी मला आजवर कुणी दिली नव्हती. मी तिथूनच ऋषभला फोन लावला.

“कापणीला ये. येताना विळा घेऊन ये.”