बरा झालेला हात

डोंगरांतल्या रिओबांबा शहराच्या बाजारात भट्टीत भाजलेलं अख्खं डुक्कर विकणाऱ्या बायका रांगेनं बसतात. त्या रांगेत सोयला पावकारच्या तोंडाला सगळे वचकून असत. रड्या माणसांचा तिला मनापासून तिटकारा. नवऱ्याला पुरलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती सुरी घेऊन दुकानात हजर होती.

अशी ही बाई बाजारातल्या ओल्या फरशीवर घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, यथावकाश काढलं, हाड जुळलं. पण हात जळायला लागला. बोटं सुजून जांभळी पडत, कातडी तुकतुकीत ताणलेली, आणि बाही नुसती घासली तरी कुणी उकळतं तेल ओतल्यासारखं होई. अंगावरच्या शालीपासून, अंथरुणातल्या चादरीपासून ती हात लांब धरून वावरायची, जणू तो परक्या कुणाचा होता आणि उगाच तिच्या गळ्यात पडला होता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. हाताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हाड छान जुळलंय, आता मन रमवा, असं सांगून त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली. सोयलाला वाटलं, याच्या गळ्यातली नळी काढून गाढवाच्या गळ्यात घातली असती, तर गाढवानं निदान हात हुंगून तरी पाहिला असता.

मग धाकट्या बहिणीच्या आग्रहाखातर ती एका जाणत्या म्हातारीकडे गेली. म्हातारीनं जिवंत काळा गिनीपिग तिच्या अंगावरून फिरवला, तो चिरून आतडी न्याहाळली आणि शेजारणीची नजर लागल्याचं निदान केलं. शेजारणीचा डोळा माझ्या गिऱ्हाइकांवर असतो, मोडक्या हाताचं ती काय लोणचं घालणार आहे, असं ऐकवून सोयला उठली. मात्र म्हातारीनं डॉक्टरपेक्षा जास्त वेळ आपल्याकडे पाहिलं, एवढं तिनं मनाशी कबूल केलं.

तोवर दुकानातली सुरी तिच्या दिरानं, नेस्तोरनं, हातात घेतली होती. वहिनीला बसून खायची चटक लागलीय, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. मांस तो असा कापायचा की डुकरालाही लाज वाटावी. एका शनिवारी भर गर्दीत सोयलानं त्याला त्यावरून टोकलं, तसा तो उसळला.

"वहिनी, हात चांगला धडधाकट आहे तुमचा. नाटक पुरे झालं आता," असं म्हणून त्यानं सगळ्यांदेखत तिचा उजवा हात पकडला आणि करकचून दाबला.

सोयलाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती त्याच्या बुटांवर ओकली आणि तिथंच कोसळली. आधी दोघंतिघं हसले. तिचा पांढराफटक चेहरा पाहिल्यावर मात्र ते मागे सरकले. पुढे आली ती शेजारच्या दुकानाची ओफेलिया, जिच्याशी तिचं वर्षानुवर्षं वाकडं होतं. ओफेलियाची भाची राजधानीत, कीतोच्या एका इस्पितळात नर्स होती आणि तिथं जुनाट दुखण्यांसाठी वेगळी डॉक्टर होती. ओफेलियानं सोयलाला गाडीत घातलं.

सोयलानं वाटेत विचारलं, "तुला गं कसला एवढा पुळका?"

"तू मेलीस तर भांडू कुणाशी?" ओफेलिया म्हणाली.

खिमेना तोआपांता नावाच्या त्या डॉक्टरीणबाईनं दोन्ही हात टॉवेलावर शेजारीशेजारी ठेवायला सांगितले आणि बराच वेळ नुसतं पाहिलं. उजवा थंडगार, घामानं ओला, नखं खडबडीत झालेली. मग तिनं कापसाचा बोळा हलकेच फिरवला. सोयलाच्या तोंडून जी शिवी निघाली, ती ऐकून नर्सनं छातीवर क्रुसाची खूण केली.

"हाड बरं झालंय हे खरंय," डॉक्टरीण शांतपणे म्हणाली. "पण नसा अजून बोंबलतायत. आग विझली तरी धोक्याची घंटा वाजतच राहावी, तसं. हा खरा आजार आहे, ताई. लवकर यायला हवं होतंत."

"लवकरच गेले होते," सोयला म्हणाली. "मन रमवायला सांगितलं."

नसांसाठी गोळ्या मिळाल्या. त्यांनी डोकं गरगरायचं. शिवाय कातडीला स्पर्शाची सवय लागावी म्हणून रोजचे व्यायाम होते: हात कोरड्या मसुरात बुडवायचा, कातडीवरून आधी रेशीम, मग टॉवेल, मग गोणपाट फिरवायचं. आणि आरसा. दुखरा हात आरशामागे लपवायचा, डावा पुढे हलवायचा आणि आरशात पाहायचं, म्हणजे उजवाच बिनदुखता हलतोय असं डोक्याला वाटू लागतं.

सोयला म्हणाली, "एवढं शिकून आरशात बघायला सांगता? ते तर माझी भाची दिवसभर करते."

तरी ती रोज बसे. आरशाला शिव्या घालत बसे. बरेच आठवडे काही फरक पडला नाही. मग एका सकाळी तिनं आरशामागे डोकावलं, तर उजव्या हाताची बोटं डाव्याबरोबर मिटत होती. थोडीशीच, पण मिटत होती. तिला रडू फुटलं. आपणही रड्यांतल्याच निघालो, याचा तिला भयंकर राग आला. नाक पुसून ती पुन्हा बोटं मिटू लागली.

त्याच महिन्यात तिनं नेस्तोरला बाहेरचा रस्ता दाखवला. भाऊजी, तुमचे तर दोन्ही हात शाबूत आहेत, दुसरीकडे चालवा, एवढंच ती बोलली.

दुखणं पुरतं गेलं नाही. चिंबोरासोच्या बर्फाळ डोंगरावरून गार वारा सुटला की हात निळा पडतो आणि दुपारीच दुकान बंद करावं लागतं. जड सुरी ती आता डाव्या हातानं चालवते; कापणं अजून वाकडंतिकडं होतं, पण नेस्तोरपेक्षा बरं. उजव्या हातात लोकरीचा मोजा असतो, आणि त्याच हातानं ती मांसाबरोबरची बटाट्याची थाळी गिऱ्हाइकापुढे सरकवते.