स्वयंपाकघराच्या दारातला पंच

गुरुवारी क्लबचे अध्यक्ष घरी आले तेव्हा मी नुकतीच बेकरीतून परतले होते आणि पायांत उभं राहायचंही त्राण नव्हतं. भाऊजींना जाऊन आठवडा झाला होता. त्या आठवड्यात इतकी माणसं येऊन बसून गेली की आमच्या सोफ्यानेसुद्धा हात टेकले. आलेल्यांपैकी निम्म्यांनी भाऊजींच्या खेळाबद्दल सांगितलं, आणि पिण्याबद्दल झाडून सगळ्यांनी.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लोक त्यांना डाव्या म्हणायचे. त्यांच्या डाव्या पायाने क्लबला एकदाच मोठा चषक मिळवून दिला, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही. अंतिम सामन्यात तिघांना चकवून, जवळजवळ मैदानाच्या बाहेर जात असताना त्यांनी मारलेला तो गोल टीव्हीवर परत परत दाखवूनही मी एकदाही नीट पाहिला नाही, कारण प्रत्येक वेळी शेजारी कोणीतरी उठून उभं राहायचं.

अध्यक्ष सोफ्याच्या कडेवर बसले. रविवारी श्रद्धांजलीचा सामना आहे, म्हणाले, आणि त्यानंतर हॉलमध्ये चषक फिरवायचा आहे. क्लबची ही जुनी रीत. चषक भरायचा, एकेकाने घोट घ्यायचा, आणि ज्याच्या मानाचा तो असेल त्याने शेवटी तळ गाठायचा. दर वेळी तळ भाऊजीच गाठायचे. आता त्यांच्या जागी मोठ्या भावाने.

"चषकात काय असणार?" मी विचारलं.

"वहिनी, आता त्यात सरबत कसं घालणार?"

"भाऊजींनी वर्षभर थेंबाला हात लावला नव्हता, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"हो हो, ऐकलं होतं." ते असे म्हणाले, जणू भाऊजींनी मधे काही दिवस मिशी ठेवली होती. "पण लोकांच्या मनातला डाव्या वेगळा आहे, वहिनी. तोंडापुरतं हो. नुसते ओठ टेकवायचे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. ते खुर्चीत बसून हाताला चिकटलेली पुट्टी नखाने खरवडत होते. नाही म्हणाले असते तर माझा जीव भांड्यात पडला असता. पण ते नाही म्हणाले नाहीत, आणि होही म्हणाले नाहीत. त्या गप्प बसण्याचीच मला भीती वाटली.

कारण आमच्या घरात पिणारे दोघं होते.

हे खिडक्यांना काचा बसवतात. लहानपणी धाकटा काचा फोडायचा आणि थोरला मार खायचा, म्हणून शेवटी तोच धंदा पत्करला, असं हे सांगायचे. दोघांचं पिणं सारखंच होतं. फरक इतकाच की भाऊजी प्यायले की पेपरात यायचं आणि हे प्यायले की फक्त मला कळायचं. ह्यांच्या पिण्याच्या गोष्टी कोणी रंगवून सांगत नाही, कारण ह्यांनी कधी गोल मारला नाही. शिडीवरून पडून ह्यांचा खांदा निखळला, हातातून दोन मोठी कामं गेली, मुलीने घरी येणं कमी केलं. त्याची कोणाला आठवण काढायची आहे?

गेल्या वर्षी भाऊजी दवाखान्यातून थेट आमच्याकडे आले. बायको कधीच सोडून गेली होती आणि घर विकलेलं होतं. एक बॅग आणि पिवळे पडलेले डोळे घेऊन ते दारात उभे राहिले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यकृत गेल्यात जमा आहे, सोडलीत तर थोडे दिवस मिळतील. भाऊजी ह्यांना म्हणाले, "दादा, मला एकट्याला नाही जमणार. तू पण सोड." आणि ह्यांनी सोडली. मी वीस वर्षं डोकं आपटून जे झालं नाही, ते धाकट्याच्या एका वाक्याने झालं. तेव्हा मला आनंद झाला की राग आला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नियम भाऊजींनीच काढला. संध्याकाळी कोणीही बाहेरून आलं की आधी स्वयंपाकघराच्या दारात यायचं आणि माझ्या तोंडासमोर 'हा' करायचं. "वहिनी, तुम्ही पंच," ते म्हणाले. "बेकरीत काम करता, आंबलेलं तुमच्या नाकातून सुटणार नाही." मला पहिल्यांदा ते पोरकट वाटलं. दिवसभर फसफसलेल्या पिठाचा वास घ्यायचा आणि घरी येऊन दोन घोड्यांच्या तोंडाचा! पण दोघं न चुकता यायचे, शाळेतल्या मुलांसारखे ओळीने उभे राहायचे. मी वास घेऊन "पास" म्हणायची. कोणी आधी पुदिन्याची गोळी चघळून आलं तर मी भांडी पुसायचं पिवळं फडकं पिवळ्या कार्डासारखं वर धरायची आणि भाऊजी हात पसरून प्रेक्षकांकडे दाद मागायचे. प्रेक्षक म्हणजे फ्रिज.

दिवसा भाऊजी ह्यांच्याबरोबर कामाला जायचे. एका बाईने म्हणे डाव्या घरी यावा म्हणून स्वतःच्या हाताने खिडकी फोडली होती. तिला काय माहीत, ज्या माणसाचा पाय सोन्याचा होता त्याचे हात शेणाचे होते. भाऊजी पुट्टी अशी थापायचे जशी मी केकवर क्रीमसुद्धा थापत नाही. आमच्या स्वयंपाकघराची काच तडकली तेव्हा 'ती मीच बसवणार' म्हणून त्यांनी हट्ट धरला, आणि पुट्टी काचेला लावता लावता झडपेच्या फटीतही भरून टाकली. वाळली तशी खिडकी जी बंद झाली ती झालीच. पुट्टीत सगळीकडे त्यांच्या अंगठ्याचे ठसे. मी कटकट केली की हे म्हणायचे, "असू दे, त्याने बसवलीय." फोडणीचा धूर माझ्या डोळ्यांत, आणि ह्यांना कौतुक.

थोडे दिवस म्हणाले होते, ते वर्ष होत आलं. म्हणून मला वाटायला लागलं होतं की डॉक्टर चुकले. ते चुकले नव्हते. एका सकाळी भाऊजींना रक्ताची उलटी झाली आणि दोन दिवसांत सगळं संपलं. शेवटच्या संध्याकाळी मी दवाखान्यात गेले तर त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि 'हा' केलं. औषधाचा वास आला. मी "पास" म्हटलं, आणि त्यांनी मास्क परत लावला.

हे सगळं मी अध्यक्षांना सांगितलं नाही. ते चहा पिऊन निघून गेले. मी ह्यांना म्हटलं, "नाही म्हणून सांगा त्यांना."

"बघू."

"बघू काय? डॉक्टर काय म्हणाले होते? एक घोट गेला की पहिल्यापासून."

"अगं, त्याच्या नावाचा चषक आहे. सगळ्यांसमोर मी काय त्याला नाकारू?"

त्यांचा आवाज इतका थकलेला होता की मला पुढे भांडवेना. धाकटा गेल्यापासून ते रडले नव्हते. कामावर जायचे, यायचे, दारात उभं राहून 'हा' करायचे आणि झोपायचे. दोघांसाठी सुरू केलेला नियम एकटा पाळत होते. किती दिवस पाळतील ते मला कळत नव्हतं. शिडीची एक बाजू काढून घेतली तर दुसरी उभी कशी राहणार?

रविवारी मैदानाच्या फाटकापाशी लोकांनी फुलं ठेवली होती, आणि फुलांपेक्षा बाटल्या जास्त. काही भरलेल्या, काही अर्ध्या. एका बाटलीच्या गळ्यात क्लबचा मफलर गुंडाळला होता. हे तिथे थांबले आणि बघत राहिले. मी त्यांचा दंड धरून आत नेलं.

सामना कोण जिंकलं ते मला आठवत नाही. हॉलमध्ये आम्हाला पहिल्या ओळीत बसवलं. एकेक जण उठून बोलायला लागला. कोणी सांगितलं, डाव्या सामन्याच्या सकाळी बारमधल्या बाकाखाली सापडला होता आणि तरी दोन गोल मारले. कोणी सांगितलं, डाव्याने संघाची बस दुकानासमोर थांबवली होती. लोक पोट धरून हसत होते. हसताना डोळे पुसत होते. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, हे मला कबूल करावं लागेल, आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता. भाऊजींबरोबर खेळलेला जुना गोलकीपर तेवढा बोलला नाही. तो माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होता.

मग चषक आला. चांदीचा, दोन कानांचा, आत रम. भाऊजींची रम. तो मागच्या ओळीतून निघाला आणि हातोहात पुढे यायला लागला. माझं सगळं लक्ष ह्यांच्या हातांकडे. ते मांडीवर उताणे पडले होते, कोणीतरी काहीतरी ठेवण्याची वाट बघत असल्यासारखे. चषक अध्यक्षांकडे आला, त्यांनी घोट घेतला, मिशा पुसल्या आणि तो ह्यांच्या हातात दिला.

सगळे उभे राहिले. तळाशी बरीच उरलेली होती. ह्यांनी चषक दोन्ही हातांनी धरला आणि आत पाहिलं. वास वर येत होता, शेजारी मलाही येत होता. ह्यांच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी चषक ओठांपर्यंत नेला नाही आणि खालीही ठेवला नाही. मग ते माझ्याकडे वळले. त्या नजरेत काय होतं ते मी ओळखते. ते विचारत नव्हते, ते बुडत होते.

मी तो चषक ह्यांच्या हातातून ओढून घेतला आणि तोंडाला लावला. आयुष्यात कधी चाखली नव्हती. घसा जळाला, नाकात गेली, अर्धी हनुवटीवरून ब्लाउजवर आली. पण मी थांबले नाही. तळ दिसला तेव्हा चषक उलटा करून सगळ्यांना दाखवला.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी ओरडलं, "वहिनींनी मैदान मारलं!" अध्यक्षांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं मी मान दिला. मला खोकल्याची उबळ आली होती, नाहीतर मी त्यांना चांगलं ऐकवलं असतं. गोलकीपर तेवढा पुढे आला, माझ्या हातातून चषक घेतला आणि पाण्याचा ग्लास दिला.

आम्ही घरी आलो. उजेड अजून होता. मी आधी भिंतीला आणि मग ओट्याला धरत स्वयंपाकघरात गेले, चहाचं पाणी ठेवलं. मागे पावलं वाजली. हे दारात येऊन उभे राहिले, नेहमीसारखे. वाकून त्यांनी माझ्या तोंडासमोर 'हा' केलं.

"पास," मी म्हटलं.

ते हलले नाहीत. "आता तू."

"मी कशाला?"

"नियम सगळ्यांना सारखा."

मला हसू आलं. मी 'हा' केलं. त्यांनी डोळे मिटले.

"परत."

मी परत केलं. त्यांचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला. "धाकटा," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागले. इतके दिवस अडलेलं सगळं बाहेर आलं. हा वास मी वीस वर्षं पडद्यांतून, उशांतून, सोफ्यातून धुऊन काढला होता. दिवाणखान्यात आला तरी मी दार लावून घ्यायची. आज तो माझ्या तोंडाला येत होता आणि मी तोंड फिरवलं नाही. मीही रडले. मला भाऊजींची इतकी आठवण येत होती, आणि त्यांचा इतका राग येत होता.

बऱ्याच वेळाने ह्यांनी डोकं वर केलं. दोन पावलं मागे सरले आणि दाराच्या चौकटीला घट्ट धरलं.

"अगं, मला प्यावीशी वाटतेय," ते म्हणाले. "खूप. खिडकी उघड."

"ती उघडत नाही."

"हो," ते म्हणाले, "माहितीय."

ते जाऊन हत्यारांची पेटी घेऊन आले. त्यातली पातळ पट्टी काढली आणि झडपेच्या फटीतली पुट्टी कापायला लागले. पुट्टी दगड झाली होती. अंगठ्याच्या ठशांचे तुकडे एकेक करून ओट्यावर पडत होते, आणि प्रत्येक तुकड्याला ह्यांचा हात थोडा थांबायचा आणि पुढे जायचा. मी गॅस बंद केला आणि तोंडावर हात धरून भिंतीशी उभी राहिले. शेवटी त्यांनी खांदा लावला, तोच निखळलेला खांदा, आणि खिडकी उघडली.