बांध धरलाय का?

अर्थसंकल्प संसदेत अकराला वाचतात, पण त्यावरचं बिल्डरचं मत आदल्या दिवशीच लिहून तयार असतं. उरणजवळच्या साइट ऑफिसात ते कल्पिता लिहायची. भाषणात काही का असेना, आपलं मत ‘स्वागतार्ह’. यंदा मालकाच्या, प्रज्योतशेठच्या डोक्यात नवं खूळ शिरलं.

“मोबाइलसमोर तूच बोल. तुझ्या बापाचं मिठागर होतं इथे. गावची पोरगी बोलली की लोक बुकिंग करतात.”

बाप म्हणजे चांगदेव, खाडीच्या बांधाचा राखणदार. उधाणाला तो हाळी द्यायचा, “बांध धरलाय का?” ज्याच्या वाट्याला जो तुकडा, त्याने त्यावर उभं राहूनच “धरलाय” म्हणायचं आणि ओहोटी लागेपर्यंत हलायचं नाही. ते ऐकलं की गाव निवांत जेवायला बसायचं. चांगदेव जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी बांधही गेला, आणि त्याच्या भरावावर हे चकचकीत ऑफिस उभं राहिलं.

यंदा एक फेब्रुवारीलाच माघी पौर्णिमा आली. टीव्हीवर भाषण रंगलं होतं, बाहेर दुपारची भरती चढत होती. कोपऱ्यात गावची नीराबाई लेकाच्या घरासाठी फॉर्म घेऊन बसलेली. सही करायला तिचा हात काही धजेना.

कल्पिता मोबाइलसमोर उभी राहिली. “अर्थसंकल्प स्वागतार्ह आहे. घर घ्यायला आता...”

पायाखालच्या लादीतून हाळी आली. आवाज बाबांचाच. “बांध धरलाय का?”

लहानपणापासूनची सवय ती, विचार करायला वेळ कुठला मिळतोय. “धरलाय,” ती बोलून गेली.

“झकास, हे राहू दे,” प्रज्योतशेठ म्हणाला. त्या बिचाऱ्याला हाळी ऐकूच गेली नव्हती. नीराबाईला मात्र गेली होती. म्हातारीने डोक्यावर पदर घेतला.

“चांगदेवाची पोर धरलाय म्हनते, मंग कसलं भ्याव,” असं पुटपुटत तिने सही केली.

कल्पिताच्या ध्यानात आलं, आपण खोटं बोललो, आणि तेही बाबांना. मावशी, थांब, असं म्हणायला तिने पाऊल उचललं, तर ते उचलेचना. लादी कोरडी ठणठणीत, आणि तिच्या घोट्यांना मात्र गार, खारं पाणी लागत होतं.

“झालं ना शूटिंग? बस की आता,” प्रज्योतशेठ म्हणाला.

ती बसली नाही. पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं.

नीराबाई पावती कनवटीला खोचून निघाली. दारात क्षणभर थांबली आणि मायेने म्हणाली, “हलू नको हां, बाय.”