बोट दाखव

सिंगारवेलूचा डावा अंगठा ऑपरेशनच्या टेबलावर मेल्यासारखा पडला होता. अंगठा वर उचलणारा स्नायू असतो कोपराखाली, हाताच्या मागच्या बाजूला. त्याची दोरी मनगटावरून अंगठ्याच्या टोकाला जाते. काही महिन्यांपूर्वी वेलूच्या मनगटाच्या हाडाला बारीक चीर गेली, ती भरलीही. पण दोरी आतल्या आत झिजली आणि भर लग्नात तविल हा ढोल वाजवताना तुटली. काठी हातातून उडाली. कुंभकोणमात तविलवाल्याचा अंगठा गेला म्हणजे पोटच गेलं.

मी त्याच्या तर्जनीची एक जादा दोरी सोडवून अंगठ्याला जोडली होती. सैल राहिली तर अंगठा लोंबणार, जास्त ताणली तर काठी धरता येणार नाही. ताण त्याने स्वतः हलवूनच कळणार, म्हणून नुसती कातडी बधिर करून त्याला जागं ठेवलं होतं. उशाशी थोरला भाऊ वैद्यलिंगम, नादस्वरम ही लांब सनई वाजवणारा. अण्णा जवळ हवेत, असा वेलूचाच हट्ट.

"अंगठा विसर. बोट दाखवल्यासारखं कर."

बोटही हललं नाही, अंगठाही नाही. भलतीच दोरी तर घेतली नाही ना मी?

"अरे, दाखव की! नव्या नवरीसारखा लाजतोस काय?"

"कोणाकडे दाखवू, अम्मा? मोठ्यांकडे बोट केलं म्हणून गुरूंनी हात फोडून काढलाय माझा."

"मग ज्याच्यापायी हे झालं त्याच्याकडे दाखव!" मी भडकलेच.

"मीच पडलो, अम्मा. तळ्याच्या पायरीवरून," तो घाईघाईने म्हणाला. हात थिजलेलाच.

वैद्यलिंगम खाली बघत होता. "वेलू, पुरे झालं खोटं. स्कूटर मी चालवत होतो. पिऊन. माझ्याकडे दाखव."

"अण्णा, गप्प बसा ना!"

"दाखव म्हणतो ना! थोरल्याचं ऐकायचं नाही?"

वेलूने डोळे मिटून घेतले. तर्जनी उठली आणि तिच्याबरोबर अंगठाही उठला, भावाच्या छातीच्या रोखाने. मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं.

"बास ना, अम्मा?" वेलू रडत होता.

"बास कसलं? ताण बघायचाय मला. पुन्हा."

त्याने पुन्हा दाखवलं. मी शेवटचा टाका घातला.

"प्लास्टर निघालं की घरी हाच व्यायाम. सकाळ-संध्याकाळ."

"रोज?" वेलूने विचारलं.

वैद्यलिंगमने बाहीने डोळे पुसले. "रोज," तो म्हणाला. "मी बसतो समोर."