तुरटीनं निवळलेलं दुखणं

मित्रांनो, खडीसाखर समजून मला जिभेवर ठेवू नका. मी एक जुनी तुरटी आहे. कासारवाडीतल्या एका पोरानं मला असंच चाटलं होतं. त्याची जीभ जी आत आखडली, ती त्याच्या लग्नातच बाहेर आली. खोटं वाटत असेल तर राहू द्या.

आमची जातच तशी. ज्याला लागू ते आखडतं, बधिर होतं. आमचं मनही तसंच. मला हसू येत नाही, रडूही येत नाही. त्यामुळे पुढचं सगळं कोरडंच सांगणार आहे.

माझा जन्म एका कढईत झाला. कढई एवढी मोठी, की तिच्या या काठावर सकाळ असायची आणि त्या काठावर दुपार. तिच्यात मला उकळली, गाळली, निवत ठेवली. मी काचेसारखी गोठले. मग घणानं फोडली. बाकीचे तुकडे कुठं गेले मला माहीत नाही. मी गोणीतून चाकणच्या बाजारात आले. तिथं कासारवाडीच्या गोजाबाईनं मला उचललं, उन्हाकडे धरून पाहिलं आणि पदराला गाठ मारली.

गोजाबाईचं घर पवनेच्या काठी. पावसाळ्यात नदीचं पाणी चहासारखं व्हायचं. गोजाबाई मला हातात धरून हंड्यात गरागरा फिरवायची आणि झाकण ठेवायची. थोड्या वेळानं वरचं पाणी असं निर्मळ व्हायचं की तळ दिसायचा. एका पुराच्या साली तर तिनं मला इतकी फिरवली, की तळाशी गाळ बसला, गाळात एक बेडूक बसला आणि बेडकाखाली शेजारच्या मंजुळाबाईची हरवलेली नथ बसली. नथ मंजुळाबाईनं नेली. बेडूक कुणी नेला नाही.

गोजाबाईचा मुलगा सोपानराव दाढी करताना कापला की मीच लागायची. कुणाच्या हिरड्या सुजल्या की माझ्याच पाण्याच्या चुळा. गोजाबाई गावभर सांगायची, "माझ्या घरात गढूळ काय ऱ्हात न्हाई."

तेव्हा पिंपरीच्या माळावर औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता. सोपानराव आपल्या बैलगाडीतून तिथं मुरूम टाकायला जायचा. तो दिवसभर बाहेर. घरात गोजाबाई, सून यशोदा आणि नात शालन. शालन पाच वर्षांची. तिची बडबड अशी की चुलीवरचं दूध तिचं ऐकत ऐकत उतू जायचं.

त्या वर्षी शालन अंथरूण ओलं करू लागली. कधीच सुटलेली सवय परत आली. दिवसा सारखी परसात पळायची आणि थेंबभर करून रडत यायची.

"आग व्हती," ती म्हणायची.

"पाणी पिऊ पिऊ हंडा रिकामा करती, मंग काय व्हईल?" गोजाबाई म्हणाली. तिनं सांजेनंतर शालनचं पाणी बंद केलं. मग दुपारनंतरही बंद केलं. पाणीच नाही तर अंथरूण ओलं कशानं होणार, असा तिचा हिशोब. प्रेमानंच केलं हो. पोरीला सगळे मुतरी म्हणतील याची तिला लाज वाटायची.

पण आग वाढली. थंडी वाजून ताप येऊ लागला. शालन लघवी धरून ठेवायला शिकली. पायावर पाय घट्ट दाबून कोपऱ्यात बसायची. रडणं थांबलं तसं गोजाबाईला वाटलं, पोरगी सुधारली.

यशोदानं नवऱ्याच्या मागं लागून पोरीला चिंचवडच्या दवाखान्यात नेलं. तिथं कुसुमताई नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सांगितलं, "उद्या सकाळी हिची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन या. मग बघू."

सकाळी यशोदानं काचेच्या पेल्यात लघवी धरली. गोजाबाईनं पेला उजेडात धरला. पातळ ताकासारखी ती गढूळ, त्यात दोऱ्यासारखं काहीतरी तरंगत होतं, आणि वास तर असा की दारातली मांजर उठून गेली.

"हे न्यायचं?" गोजाबाई म्हणाली. "त्या बाईच्या टेबलावर हे ठिवायचं? काय म्हणंल ती, ह्यांच्या घरात पोरं अशी ऱ्हात्यात व्हय?"

"आत्याबाई, तिनं मागितलीया."

"मागितली म्हून गाळ द्यायचा? आपला सोपान मुरमाची वानगी दावतो तवा खडं येचून दावतो का न्हाई?"

यशोदा चुलीकडे वळली. सासूपुढं तिचं चालायचं नाही.

आणि मित्रांनो, गोजाबाईनं कोनाड्यातून मला घेतलं. मला पेल्यात फिरवलं. मी माझं काम केलं. मला दुसरं येतच नाही. सगळं गढूळ गोळा झालं आणि हळूहळू तळाशी बसलं. वरचं तिनं धोतराच्या जुन्या तुकड्यातून बाटलीत गाळलं. सोन्यासारखी स्वच्छ बाटली झाली. तळातलं तिनं उकिरड्यावर फेकलं. मग वाटेत पाणी कसलं मिळेल सांगता येत नाही म्हणून मलाही कनवटीला लावलं आणि यशोदा-शालनला घेऊन निघाली.

कुसुमताईंनी बाटलीतली लघवी काचेच्या नळीत घेऊन तापवली. थेंबभर काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली पाहिली. पुन्हा पाहिली.

"लघवीत तर काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "थंडी वाजते म्हणता, तर हिवतापाचं औषध देऊन बघू."

गोजाबाई घरी येताना गाडीत ताठ बसली होती. "बघितलंस, यशोदे? बाईला नाव ठेवायला जागा ठिवली न्हाई."

हिवतापाच्या गोळ्या संपल्या. ताप गेला नाही. शालन खाल्लेलं ओकून टाकू लागली. पाठीला हात लावू देईना. मग हात लावला तरी ती काही म्हणेना. ती नुसती पडून वर बघत राहायची. बडबड गेली. हाक मारली तर मान वळवायची, तेवढंच.

घरात कुणी रडलं नाही. सोपानराव कामावर गेला नाही आणि का गेला नाही ते बोललाही नाही. यशोदा भाकरी थापायची आणि कुणी खायचं नाही. गोजाबाई माझ्यावर नजर लावून बसायची, पण मला उचलायची नाही. अख्ख्या घरानं जणू मलाच चाटलं होतं.

शेवटी सोपानरावानं गाडी जुंपली. निघताना गोजाबाईनं सवयीनं मला कनवटीला लावलं.

कुसुमताईंनी शालनला तपासलं. फासळ्यांखाली पाठीवर बोटानं हलकेच ठोकलं. पोरगी किंचाळली नाही, पण तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाईंचा चेहरा बदलला.

"किती दिवस हिनं नीट पाणी प्यायलं नाही?"

गोजाबाई भिंतीकडे बघू लागली.

"बरं, लघवी इथंच घेऊ या. यशोदाबाई, ही वाटी धरा. शालन, जमेल तेवढी कर, बाळ."

शालननं वाटी पाहिली. कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलली. "हितं नगं. हितं आजी कशी निवळंल?"

"काय निवळेल?"

"खडा फिरीवती. मंग गाळती. मंग तुमाला देती."

सोपानरावानं आईकडे पाहिलं. मी तिच्या कनवटीला होते. तिचा हात नुसता माझ्यावर येऊन थांबला.

"लई गढूळ व्हतं, बाई," गोजाबाई म्हणाली. "तसलं कसं आणायचं?"

कुसुमताई स्टुलावर बसल्या. "आजी, गढुळातच तर दुखणं होतं. ते तुम्ही फेकून दिलंत आणि उरलेलं मला आणून दिलंत." मग म्हणाल्या, "मीही फसले. तापानं फणफणलेल्या पोरीची लघवी इतकी निर्मळ कशी, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं."

वाटीतली लघवी दुर्बिणीखाली गेली. पू होता. भरपूर होता. बाईंनी समजावून सांगितलं, की लघवीच्या वाटेला जंतू लागले आहेत आणि ते वर मूत्रपिंडापर्यंत चढलेत. आता हयगय झाली तर मूत्रपिंडाला जन्माचं दुखणं लागेल. किंवा पोरगी हाताला लागणार नाही.

जंतू मारणाऱ्या सल्फाच्या गोळ्या दिल्या. बाटलीत पातळ औषध दिलं, किती घ्यायचं त्याच्या कागदी खुणा चिकटवून. आणि वर ताकीद, "पाणी. ती मागेल तेव्हा आणि मागणार नाही तेव्हाही. या गोळ्या पाण्यावाचून दिल्या तर उलट त्रास देतील. आणि लघवी धरून ठेवू द्यायची नाही."

गोजाबाई घरी आली आणि तांब्या घेऊन नातीच्या उशाशी बसली. त्या दिवसांत तिनं शालनला एवढं पाणी पाजलं, की पवना पलीकडच्या पिंपळ्याला पायी जाता येईल इतकी आटली. हे मात्र थोडं वाढवून सांगितलं.

ताप उतरला. शालननं दूध मागितलं. गोजाबाईनं उरलेल्या गोळ्या पुडीत बांधल्या. "झाली की बरी. एवढ्या कडू कशाला चारायच्या लेकराला?"

यशोदा चुलीपासून उठली. तिनं पुडी सासूच्या हातातून काढून घेतली.

"न्हाई, आत्याबाई. बाईंनी सांगितल्यात तेवढ्या समद्या जाणार."

गोजाबाईनं सुनेकडे बराच वेळ पाहिलं. उठून पाण्याचा तांब्या भरला.

गोळ्या संपल्यावर पुन्हा लघवी तपासायला न्यायची होती. गोजाबाईनं स्वतः बाटली धरली आणि वर फडकंसुद्धा न झाकता गावातून निघाली, वेशीवर सोपानराव गाडी जुंपून उभा होता तिकडे. मी तिच्या कनवटीलाच होते. मंजुळाबाई ओट्यावरून म्हणाली, "काय गं गोजे, सकाळच्या पारी तीर्थ कुठं निघालं?"

"नातीचं मूत हाय," गोजाबाई म्हणाली. "जसं झालं तसं नेतीया."

दवाखान्यात कुसुमताई दुर्बिणीत बघत राहिल्या. गोजाबाई उभीच होती. "खडा लावला न्हाई, बाई," ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे, आजी. साफ आहे. खड्यावाचून साफ आहे."

गोजाबाई हसली नाही. बाहेर आली आणि पायरीवर बसली. सोपानरावानं गाडीचे बैल सोडले आणि तिच्याशेजारी बसून राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं लेकरू लघवीला जाताना रडत असेल, ताप येत असेल, सुटलेलं अंथरूण पुन्हा ओलं करत असेल, तर त्याला रागावू नका. त्याचं पाणी तोडू नका. डॉक्टरांकडे न्या, आणि जे जसं आहे ते तसंच दाखवा. गढूळ असलं तर गढूळ दाखवा, वास येत असला तर वासासकट दाखवा. मला नदीच्या पाण्यापुरती ठेवा. मी समोर येईल ते निवळते. त्यात काय होतं, ते मला कळत नाही.