ओलं गोणपाट

ललित पेढ्यांचा बॉक्स घेऊन वावरात आला, तेव्हा भागुबाई झाडाखाली मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसली होती. रविवार नसताना हा पोरगा कसा काय उगवला, म्हणून ती लगबगीनं उठली. त्यानं आधी पेढा तिच्या हातावर ठेवला आणि मग सांगितलं, की सगळ्या गाड्यांमध्ये तुमची गाडी पहिली आली, मावशी.

भागुबाईला लाजल्यासारखं झालं. उभ्या जन्मात तिचं काही पहिलं आलं नव्हतं.

गाडी तिची नव्हती, कंपनीची होती. सातपूरच्या एमआयडीसीत चैताली नावाच्या एका पस्तिशीच्या बाईनं ललितसारखे चार-सहा इंजिनियर गोळा करून ही कंपनी काढली होती. चहा पिऊन होईपर्यंत चार्ज होईल अशी बॅटरी करायची, असा तिनं ध्यास घेतला होता. बॅटरी झाली. आता ती नाशिकच्या उन्हात आणि खड्ड्यांत टिकते का ते बघायचं, म्हणून दिवाळीच्या सुमारास काही तीनचाकी मालगाड्या लोकांना वापरायला दिल्या. रोज चालवा आणि काही बिघडलं तर खरं सांगा, एवढीच अट. वर कबूल केलं, की ज्याची गाडी नीट चालेल त्याला ती कायमची. आता घ्या! अशी लालूच दाखवायची आणि वर खरं बोला म्हणायचं, हे शिकल्या-सवरलेल्यांनाच सुचू जाणे.

गाडी येण्याआधी भागुबाई दिराच्या, मोतीरामच्या पिकअपमधून फुलबाजारात जायची. त्याची मर्जी असेल तेव्हा निघायचं आणि त्याच्या बायकोचे टोमणे ऐकत जायचं. पन्नाशी उलटल्यावर ती पडत-धडपडत गाडी शिकली. गावातल्या, मखमलाबादच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, मग हसायच्या थांबल्या. आता ती पहाटे आपली आपण निघायची. बाजार उरकला की मोगरा घेऊन थेट त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन यायची. नवरा, वाळू, तिच्या शेजारी बसून गावातून जाताना उगाचच खाकरायचा.

"आणि तो रहेमानभाई, पाववाला," ललित पेढ्याचा बॉक्स बंद करत म्हणाला, "त्याची गाडी काढून घेतोय उद्या-परवा. सारखी तापते, बंद पडते. बॅटरी तीच, ऊन तेच, मग तुमची कशी थंड राहते? चालवायची पद्धतच वाईट त्याची. माल पण जास्त भरत असणार."

पेढा भागुबाईच्या तोंडात तसाच राहिला.

कारण गाडी थंड का राहते, हे जगात एकट्या तिला ठाऊक होतं. शिमग्यानंतर ऊन तापायला लागलं आणि सीटखालच्या बॅटरीच्या पेटीतून तिला चटके बसू लागले. फुलांच्या माणसाला तापलेल्या वस्तूवर एकच इलाज माहीत. पाट्यांवर टाकतो तसं एक गोणपाट ओलं करून तिनं त्या पेटीला गुंडाळलं. जाईल तिथल्या नळावर ते पुन्हा भिजवायचं. गाडी खूश, ती खूश. कंपनीच्या यंत्रात काय आकडे जात होते, हे तिच्या गावीही नव्हतं.

ललित रविवारी बघायला यायचा. घरी कुणी यायचं म्हणजे आपण अंगण झाडतो, पसारा आवरतो. तिनं तेच केलं. शनिवारीच गाडी धुवायची, ते मळकं गोणपाट काढून कुंपणावर टाकायचं. तो विचारायचा, काही त्रास आहे का. ती म्हणायची, काही नाय दादा, गाडी लय गुणाची हाय. यात खोटं बोलायचा तिचा मुळीच विचार नव्हता. लोकांनी एवढी भारी वस्तू फुकट हातात दिली, तिला नाव ठेवायचं? खाल्ल्या घरचे वासे मोजायचे? तिच्या आईनं तिला तसलं वळण लावलं नव्हतं.

ललित गेल्यावर तिनं वाळूला सगळं सांगितलं. तो म्हणाला, की आपण काय कुणाचं चोरलं नाही. चार दिवस तोंड शिवून बस, गाडी आपल्या नावावर होऊ दे. त्याचंही चूक म्हणता येत नाही. बायको मानानं बाजारात जाते, हे त्यालाही सुखाचं होतं. भागुबाईनं मान हलवली, पण रात्रीची भाकरी तिला गेली नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगीच नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार आटोपून ती पंचवटीत कंपनीच्या चार्जिंगच्या जागेवर गेली, तर रहेमान तिथंच उभा. जुन्या नाशकातल्या भट्टीचा पाव तो दुकानोदुकानी पोचवायचा. त्याआधी सगळी उमर रिक्षा चालवलेली. रोखठोक माणूस. गाडी तापते हे त्यानं ऊन तापल्या दिवसापासून तोंडावर सांगितलं होतं, आणि त्याचं फळ त्याला हे मिळालं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी! भागुबाईला वाटलं, हा आता आपल्यावर चिडणार. चिडला असता तर तिला बरंच वाटलं असतं.

तो जवळ आला आणि खाली बघत, हलक्या आवाजात बोलला.

"ताई, एक बात विचारू? तुमची गाडी थंडी राहते, माझी तापते. बॅटरी एकच. म्हणजे माझ्याच हातात काहीतरी खोट असणार. घरात बीवी, मेहरुन्निसापण तेच बोलते आता. मला शिकवा ना, कशी चालवता ते."

सगळा जन्म ज्यानं नाशिकच्या गल्ल्यांमधून रिक्षा काढली, तो माणूस कालपरवा गाडी शिकलेल्या बाईला म्हणत होता, मला शिकवा. लोकांनी त्याला नावं ठेवली ते वेगळं. आता त्याचा स्वतःचाच स्वतःवर विश्वास उरला नव्हता. भागुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं सीट उचलली आणि खालचं ओलं गोणपाट त्याला दाखवलं. रहेमान बघत राहिला. त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग तो तिथल्या कट्ट्यावर बसला आणि त्यानं रुमालानं तोंड पुसलं. तिला तो एक शब्दही वाकडा बोलला नाही.

भागुबाई तशीच सातपूरला गेली. चैतालीच्या केबिनमध्ये उभ्या-उभ्याच तिनं सगळं सांगून टाकलं, मधे थांबले तर पुढं बोलवणार नाही म्हणून. तिथंच असलेल्या ललितचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्याच गाडीच्या आकड्यांवर विसंबून बॅटरी बाजारात आणायची तयारी चालली होती. ती तशीच गेली असती तर किती लोकांच्या बुडाखाली तापली असती, कोण जाणे.

"आम्ही दर आठवड्याला विचारत होतो ना, मावशी?" चैतालीनं विचारलं. आवाज चढला नव्हता, पण थकलेला होता.

"इचारत व्हते. पन तुम्ही लेकरांगत. तुमच्या वस्तूला नाव कसं ठेवू?"

"गाडी आम्ही त्यासाठीच दिली होती, मावशी. नाव ठेवायला."

मग चैतालीनं सांगितलं, की उद्या भर दुपारी गोणपाटाशिवाय, पूर्ण माल भरून गाडी चालवायची, ललित सोबत बसेल. गाडी बंद पडली तर सगळ्याच गाड्या परत घ्याव्या लागतील, बॅटरी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल. "म्हंजे माझी बी," भागुबाई म्हणाली. चैतालीनं मान हलवली. भागुबाई बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मोगरा भरून ती त्र्यंबक रोडला लागली. ललित शेजारी फोन हातात धरून बसला होता. ऊन मी म्हणत होतं. सीट आधी गरम झाली, मग भाजायला लागली. भागुबाई तरी हलली नाही. मनातून ती गाडीला विनवत होती, की चल माझे बाई, एवढा चढ काढ. आणि तेच विनवताना तिला रहेमानचं तोंड आठवत होतं. अंजनेरीच्या चढावर हँडलपाशी लाल दिवा लागला आणि गाडी जागच्या जागी बंद पडली.

ललित उतरला. गाडीभोवती उगाच एक फेरी मारून आला. त्याचे डोळे भरले होते. या बॅटरीपायी त्यानं पुण्याची नोकरी सोडली होती, हे भागुबाईला माहीत होतं.

"मावशी, आज ऊन जरा जास्तच आहे," तो म्हणाला. "उद्या सकाळी लवकर निघून परत एकदा बघू या का? आजचं नको लिहायला."

भागुबाईच्या जिवात क्षणभर जीव आला. उद्या सकाळी गाडी चढ काढेलही. ती तिची राहीलही. तिनं हात पुसले.

"नाय, दादा. आज बंद पडली, आजच लिही. बॅटरी तापती. रहेमानभाई पहिल्यापासून खरं बोलत व्हता, त्याच्या हातात खोट नाय. आन् हे मी बोलले म्हणून लिही. माझं नाव घाल."

तो लिहीपर्यंत ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. त्यानं लिहिलेलं वाचून दाखवलं, तेव्हा तिनं ते नीट ऐकून घेतलं. 'मावशी' पुसून पूर्ण नाव घालायला लावलं, भागुबाई वाळू पिंगळे.

मग ती मागे गेली. मोगरा उन्हात मलूल पडायला लागला होता. तिनं एक पाटी उतरवून डोक्यावर घेतली. ललितनं फोन खिशात घातला आणि दुसरी उचलली. त्र्यंबकला जाणाऱ्या दोन जीपा भरून आल्या आणि न थांबता निघून गेल्या. भागुबाईनं एका हातानं पाटी सावरली आणि मागून येणाऱ्या गाडीला दिसेल असा दुसरा हात वर केला.